काकांचा वरचा मजला

कापड मिल बंद पडली त्या काळात मी विमानतळाच्या बांधकाम विभागात नकाशे काढायचो. इंदूरचे लोक त्याला एरोड्रमच म्हणायचे. होताही एवढासा. दिवसाला मोजकी विमानं, बस स्टँडवर असतात तशी बाकं, पाऊस आला की गळणारी सामानाची शेड. खाजगी कंपन्यांची विमानं येणार म्हणून सगळं वाढवायचं ठरलं. नवं प्रतीक्षालय, नवे दिवे, आणि मुख्य म्हणजे धावपट्टी लांबवायची. साहेबांनी बजावलं होतं, बाहेर बोलायचं नाही, जमिनीचे दलाल गोळा होतील.

मिलच्या चाळीत आमच्या शेजारी राहणारे काका साच्यावर, म्हणजे मिलच्या मागावर, विणकर होते. मिल बंद पडल्यावर त्यांनी एरोड्रमपलीकडच्या वस्तीत दोन खोल्या बांधल्या. एका दुपारी ते ऑफिसात आले. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही.

“बेटा, तू एरोड्रमचा माणूस. वर एक खोली चढवतोय. तीन मशिनी टाकू, तुझी काकू आणि सुना रेडिमेडचं शिवतील. खाली उजेडच नाही रे. काही लफडं तर नाही ना?”

समोरच्या टेबलावरचा सहकारी हसला. “भिया, तुमच्या काकांना माइक लागत नाही.”

सगळे आमच्याकडे बघत होते. माझ्यापुढे वाढीव धावपट्टीचा नकाशा पसरलेला होता. विमानं जिथून उतरणार तो पट्टा मी सकाळीच आखला होता. त्याखाली ठरावीक उंचीपेक्षा उंच बांधता येणार नव्हतं आणि काकांची वस्ती नेमकी त्या पट्ट्यात होती. मी नकाशावर दुसरा कागद सरकवला.

“बांधा ना काका. कोण विचारतंय?”

साहेबांची ताकीद होती हे खरं. पण त्या क्षणी मला साहेब आठवलेसुद्धा नव्हते. मला फक्त काका तिथून लवकर जायला हवे होते. रीतसर परवानगी काढा, एवढंही मी सुचवलं नाही.

काही महिन्यांनी उंची मोजायला आम्ही त्या वस्तीत गेलो. वरची खोली उभी होती. खिडकीजवळ मशिनी, दोरीवर शिवून झालेले फ्रॉक. सर्व्हेअरने दुर्बिणीतून डोळा काढला आणि म्हणाला, “हद से ऊपर जा रहा है भिया. पूरा कमरा.”

नोटीस घेऊन मीच गेलो. काकांनी ती दोनदा वाचली.

“तुला तेव्हा माहीत होतं का रे?”

“नाही काका. हे सगळं नंतर ठरलं.”

गल्लीत माणसं जमली होती, कुणीतरी मला टोमणाही मारला. काकांनी त्याला गप्प केलं. “पोरावर कशाला चढता? हा नकाशे काढतो. हुकूम वरून येतो.”

नुकसानभरपाईचा अर्ज परत आला, कारण बांधकामाला परवानगी नव्हती. मजूर न लावता काकांनी दोन्ही मुलांना घेऊन खोली उतरवली. मशिनी खालच्या पुढच्या खोलीत आल्या. तिथे भरदुपारी ट्यूबलाइट लावावी लागे. सुना जुळवून घेत होत्या, पण काकूंना काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसेना, म्हणून ते काम त्यांनी सोडलं. मग हळूहळू बाकीचंही सुटलं. पुढे मशिनीवर काका बसू लागले.

धावपट्टी झाली, मोठी विमानं उतरू लागली, मला बढती मिळाली. मी दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळाला जात राहिलो. काका पाहुण्यांना माझी ओळख ‘आमच्या घरचाच मुलगा’ अशी करून द्यायचे, आणि मी चकली खात मान हलवायचो. अशी सात-आठ वर्षं गेली.

मग एका रविवारी मी गेलो आणि सांगून टाकलं. नकाशा माझ्यासमोर होता, मी त्यावर कागद ठेवला, नंतर तुमच्याशी खोटं बोललो. काका कॉलर शिवत होते. पायाखालचं पॅडल थांबलं.

“नोकरी गेली असती तुझी?”

“नाही. मला तुमची लाज वाटली होती. सगळे हसत होते म्हणून.”

त्यांनी कॉलर बोटांनी सपाट केली.

“कारण नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. नुसतं ‘थांबा’ म्हणायचंस. मी थांबलो असतो.”

ते थांबले असते, हे मलाही ठाऊक होतं. दिवाळीला मी अजून जातो. काका ‘ये, बस’ म्हणतात, फराळाची ताटली पुढे करतात. पाहुण्यांना सांगतात, हे एरोड्रमवर असतात.