आधी पंचनामा

माझे वडील म्हणजे आम्हा सगळ्यांचे दादा. कन्नडजवळ त्यांची मक्याची आणि अद्रकीची शेती. दवाखान्याच्या सरकारी विम्याचं कार्ड मीच त्यांना काढून दिलं, पण नीट समजावून काही सांगितलं नाही. शहाणी मी! दादांना जन्मात एकच विमा ठाऊक, पिकाचा. पीक आडवं झालं की पाहणीला माणूस येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सावरलं की विमा गेला.

गेल्या श्रावणात सकाळीच मायचा फोन आला.

"ह्यांच्या छातीत कळ निघालीय, घाम सुटलाय अन् गोळीबी घेईनात. म्हणतेत, बरं वाटलं तर विमा बसायचा नाय. आधी पंचनामा होऊ दे."

मी इकडं शहरात, हर्सूलच्या घरात ओरडलेच. "फोन दे त्यांना! दादा, तुम्ही काय आडवी पडलेली मका आहात का? उठा, जीपमध्ये बसा आधी!"

"चिडू नको गं. पर कार्ड रद्द झालं तर?"

"खड्ड्यात गेलं ते कार्ड!"

शेजाऱ्यानं त्यांना जीपमधून शहरात आणलं. मी दवाखान्याच्या दारातच उभी होते. अजून तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. अँजिओप्लास्टी लगेच झाली. कार्डही चाललं, पंचनामा कुणी मागितला नाही.

तिसऱ्या दिवशी दादा खुशीत. नर्सबाईंना गुडघा दाखव, दाढ दाखव, कानात शिट्टी वाजते ते सांग, असं सुरू. "काय नाय, बरं हाय," याशिवाय ज्या माणसानं कधी काही सांगितलं नाही, तो हा! मला हसूही आवरेना आणि रडूही.

माय कॉटच्या पायथ्याशी उभीच होती. बस म्हटलं तरी बसेना. मला हळूच बाहेर घेऊन आली.

"त्या कार्डात माझं बी नाव हाय का गं?"

"आहे की. का?"

तिनं आधी इकडंतिकडं पाहिलं.

"पिशवी खाली उतरलीय माझी. बसलं की अंग बाहेर येतंय."

"अगं माय! कधीपासून?"

"तुझ्या धाकट्या भावाच्या बाळंतपणापासून."

भाऊ यंदा तिशीत गेला.