मंदारच्या दुखवट्याचा केक

माझ्या नवऱ्याच्या दुखवट्याचा केक आम्ही चौघांनी मिळून संपवला, आणि त्यातला सगळ्यात मोठा तुकडा त्याने स्वतः खाल्ला. वर बोटांना लागलेली साखरही चाटली.

घाबरू नका, मंदार ठणठणीत आहे. जर्मनीतल्या येना गावात एका भिंगांच्या कंपनीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी मिळेल त्या आडव्या जागी झोपतो. सगळं रामायण त्या झोपेमुळे घडलं. (मंदारच्या मते माझ्यामुळे घडलं. पण लिहायला मी बसले आहे, तो नाही.)

झालं असं, की चाळिशीला टेकल्यावर मला शिकायची हुक्की आली. पुण्यात मायक्रोबायॉलॉजी केलं होतं, पण येनाला आल्यापासून त्या पदवीचा उपयोग दह्याला विरजण लावण्यापुरताच उरला होता. मग इथल्या बेरूफ्सशूलंमध्ये, म्हणजे धंदेशिक्षणाच्या शाळेत, ऑपरेशन थिएटरमधल्या सहायकाच्या कोर्सला नाव घातलं. सर्जनला कात्र्या-चिमटे हातात द्यायचे, टेबल मांडायचं, सगळं निर्जंतुक राखायचं. तीन वर्षांचा कोर्स. वर्गातली मुलं माझ्या भाचरांच्या वयाची, आणि सगळी मला अगदी नावाने हाक मारायची. मी वरवर नाक मुरडायचे आणि आतून सुखावायचे.

या कामात एक नियम सगळ्यांच्या वर. हात घासून धुतले, गाऊन आणि ग्लोव्ह्ज चढवले, की हात छातीशी. कमरेखाली न्यायचे नाहीत, तोंडाला लावायचे नाहीत, भलत्याला शिवायचं नाही. सासूबाईंना मी हे फोनवर कौतुकाने समजावत होते, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे सोवळं. त्याला तीन वर्षं कशाला हवीत?"

हवी होती, कारण शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मी आपटले. परीक्षा खऱ्याखुऱ्या ऑपरेशनमध्ये असते. पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, थिएटरमध्ये कुणी चकार शब्द बोलत नव्हतं, फक्त मशीन टिकटिकत होतं, आणि माझं काम इतकं सुरेख चाललं होतं की माझं मलाच बरं वाटत होतं. तेवढ्यात माझा पाय शेजारच्या डॉक्टरांच्या पायाला लागला. आता पाय लागला की आपण काय करतो? मीही तेच केलं. म्हणजे मी नाही, माझ्या हातांनी केलं. खाली वाकले, त्यांच्या गुडघ्याला हात लावला आणि तो हात कपाळाला. ग्लोव्ह्जसकट!

डॉक्टर आपल्या गुडघ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, काही सांडलं असावं. परीक्षक बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "आल्झो, तर मग तुम्ही आता बाजूला व्हा." पेशंटला काही झालं नाही, दुसरी सहायक लगेच उभी राहिली. मी मात्र नापास झाले. पुन्हा बसायची संधी एकदाच मिळते. त्यात हेच झालं तर तीन वर्षं पाण्यात, शिवाय चाळिशीतल्या बाईला पुन्हा कोण दारात उभं करणार? घरी येऊन मी मनसोक्त रडले. विसरलेलं पाठ करता येतं, पण ही खोड डोक्यात नव्हतीच, ती हातांत होती.

सासूबाई त्या सुमारास आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी माझं रडणं चहा संपेपर्यंत चालू दिलं आणि मग म्हणाल्या, "पाय लागूनही नमस्कार न करायची सवय लागायला हवी ना? मग लाव मला पाय."

"अहो आई, तुम्हाला कसा लावू?"

"लावू काय, मार. आणि खबरदार नमस्कार केलास तर."

त्या दिवसापासून आमच्या घरात चालणं कठीण झालं. मी पोळ्या लाटत असले की ओट्याखालून सासूबाईंचा पाय पुढे यायचा. कपडे वाळत घालताना यायचा. मी दचकून "अगं बाई" म्हणत वाकायचे आणि त्या ओठ चावून म्हणायच्या, "नापास." त्यांच्या नडगीला निळे डाग पडले. डॉक्टरकडे दाखवायला मीच नको म्हटलं. विचारलं असतं, तर काय सांगणार होतो?

परीक्षेच्या आधीच्या रविवारी रंगीत तालीम ठरली. नेमका तो टोटनझोनटाग होता, इथला मृतांचा रविवार. त्या दिवशी गाणीबजावणी नाही, मोठा आवाज नाही, सगळे काळे कपडे घालून आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावून येतात. आमचं घर दफनभूमीच्या बरोबर समोर आहे. (भाडं कमी का, हे आम्ही घर घेताना विचारलं नव्हतं.) नोव्हेंबरातला दिवस, चहाच्या वेळेलाच काळोख पडलेला, नदीवरून धुकं वर आलेलं. त्या धुक्यात थडग्यांवरचे लाल दिवे तेवढे दिसत होते. मधूनच त्यातला एखादा हलायचा. कुणीतरी हातात घेऊन चाललेलं असणार, पण माणूस दिसायचा नाही, दिवाच चालताना दिसायचा. मी पडदा ओढून घेतला.

पेशंट मंदार. जेवणाच्या टेबलावर त्याला उताणा निजवला आणि वरून पांढऱ्या चादरी घातल्या. थिएटरमध्ये पेशंटच्या तोंडासमोर आडोशाची चौकट असते, ती आमच्याकडे कुठली? म्हणून चादर तोंडावरूनच घेतली. देवासमोरच्या फळीवर मी सांडशी, चिमटा, अडकित्ता आणि चमचे ओळीने मांडले होते, त्यामुळे सासूबाईंना दिवेलागणीचा दिवा ठेवायला जागा उरली नाही. त्यांनी निरांजन मंदारच्या उशाशी स्टुलावर ठेवलं आणि धूप लावला. एकदा त्या पुटपुटल्या, "पाय दक्षिणेकडे झालेत गं." पण टेबल फिरवायला खोलीत जागा नव्हती. शाळेतून आणलेला हिरवा गाऊन, टोपी आणि मास्क मी घातला, तसाच त्यांनाही घातला. त्या सर्जन होत्या.

तालीम सुरू झाली. सासूबाई न बोलता हात पुढे करायच्या, मी हातावर अडकित्ता ठेवायचे. घर इतकं शांत होतं, की निरांजनाची वात तडतडली तरी ऐकू यायची. मंदार घोरत होता. मग घोरणं थांबलं. मी चादरीकडे पाहिलं. ती हलत नव्हती. मी वाट पाहिली. ती हललीच नाही. त्याला हलवून बघावं, तर हात सोवळ्यात. परीक्षा महत्त्वाची की नवरा, असा प्रश्न मला खरोखर पडला आणि (आता सांगायला लाज वाटते) उत्तर यायला जरा वेळ लागला. तेवढ्यात चादर एकदम फुगली आणि तो पुन्हा घोरू लागला.

मी सुटकेचा श्वास घेते तोच बेल वाजली. मला दाराला हात लावता येईना, म्हणून सासूबाई गेल्या. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लिंडनर आल्या होत्या. एकट्या राहतात, ऐंशीच्या घरात आहेत, धुपाचा वास जिन्यात आला म्हणून बघायला आल्या. सासूबाईंना जर्मन शब्द दोनच येतात, या म्हणजे हो आणि गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. ते त्या आलटून पालटून वापरतात आणि आजवर निभावलं होतं. फ्राऊ लिंडनरनी आत डोकावून, मला ऐकू येणार नाही इतक्या हळू आवाजात विचारलं (हे सगळं मला नंतर कळलं), "तुमचा मुलगा?"

"या," सासूबाई म्हणाल्या.

"देवा! आजच?"

"गेनाऊ."

फ्राऊ लिंडनरनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्या खाली गेल्या. सासूबाई परत येऊन म्हणाल्या, "किती मायाळू बाई आहे." दार त्यांनी नुसतंच लोटलं होतं.

तालीम पुढे सुरू झाली. थोड्या वेळाने माझ्या मानेवर गार झुळूक आली. मी नजर वर केली. अंधारात दारापाशी कुणीतरी उभं होतं. काळे कपडे, पांढरे केस, हातात लाल दिवा. दफनभूमीतून कुणी उठून आलंय, असंच मला वाटलं. मी पळायला पाय उचलला. आणि नेमक्या त्याच क्षणी, सासूबाईंनी आपलं कर्तव्य म्हणून पाय पुढे केला.

मी तो जोरात उडवला. आणि खरं सांगते, पहिल्यांदाच माझे हात जागचे हलले नाहीत! छातीशी तसेच ठाम राहिले.

फ्राऊ लिंडनरच्या बाजूने हे कसं दिसलं असेल, ते मला नंतर सुचलं. उशाशी दिवा, टेबलावर मुलाचं प्रेत, आणि तोंड बांधलेली सून त्याच्या आईला लाथ मारून ताठ मानेने उभी. त्यावर ती आई मास्कमधून आनंदाने ओरडली, "पास!" त्या आवाजाने प्रेत उठून बसलं, आणि चादरीच्या आतून विचारलं, "चहा टाकला का?"

फ्राऊ लिंडनर सोफ्यावर बसल्या. म्हणजे सोफा तिथे होता म्हणून बसल्या. मंदारने चादर काढून त्यांना पाणी दिलं आणि सगळा खुलासा केला. त्या आधी रडल्या, मग इतक्या हसल्या की आम्हाला पुन्हा भीती वाटली. दुसऱ्या हातात त्यांनी दुखवट्याचा म्हणून केक आणला होता. तो त्यांनी आपल्या नवऱ्यासाठी केला होता, दर वर्षी या दिवशी करतात. नवरा समोरच दफनभूमीत निजला आहे, दुसऱ्या रांगेत. "त्याला चालेल," त्या म्हणाल्या. "त्यालाही असंच भलत्या वेळी उठून खायला मागायची सवय होती." मंदारने तेवढ्यात तुकडा उचललाही होता.

आठवड्याभरात मी परीक्षा दिली. ऑपरेशनच्या मध्यात शेफआर्झ्टनी, म्हणजे सगळ्यात मोठ्या डॉक्टरांनी, जागा बदलली आणि माझा पाय त्यांच्या पायावर चांगला दणकून पडला. मी ढिम्म. परीक्षक बाईंनी मान हलवली. निकाल कळल्यावर मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये सासूबाईंना मिठी मारून रडले.

पुढे उन्हाळ्यात आम्ही पुण्याला एका मुंजीला गेलो. कार्यालयात सतरंजीवर बसलेल्या बायकांमधून वाट काढताना माझा पाय मावससासूबाईंना लागला. चांगलाच लागला. मी थांबले, दोन्ही हात छातीशी घेतले आणि ताठ उभी राहिले. वाकावं हे कळत होतं, पण हात खाली जाईनात. आजूबाजूच्या बायका वळून बघू लागल्या. मावससासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने माझ्या सासूबाईंना विचारलं, "जर्मनीत जाऊन सून हेच शिकली का?"

सासूबाईंनी तोंडातला लाडू सावकाश संपवला.

"छे गं, जर्मनीचं काय त्यात? मीच शिकवलं," त्या अभिमानाने म्हणाल्या. "आधी तर हिला धड लाथसुद्धा मारता येत नव्हती."