पावडर

नेरच्या बसस्टँडसमोरचा तो मोबाइल दुरुस्तीवाला कधी बसत नाही. एकुलतं स्टूल गिऱ्हाइकाला देतो आणि स्वतः उभ्यानेच हातातल्या फडक्याने कुठली ना कुठली काच पुसत राहतो. त्याची ती चुळबूळ मला सहन होत नसे.

आसपासच्या खेड्यांत रेंज नाही, म्हणून बाया आजारी लेकरं घेऊन त्याच्या दुकानातून शहरातल्या लेकरांच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावतात. परवा मी फोन दुरुस्तीला देऊन बसलो असताना एक बाई कापूसवेचणीचा रोज बुडवून आली. डॉक्टरांना दाखवायचं म्हणून तिने खोकणाऱ्या लेकराला ओठांपर्यंत पावडर फासली होती.

"किती गोजिरं दिसतंय!" मी स्टुलावरून लेकराच्या तोंडाशी वाकून म्हणालो.

फोनवरच्या डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, "चेहरा तर ठीक दिसतोय."

"मॅडम, तुमाले पावडर दिसून राह्यली, लेकरू नाही!" तो ओरडला. फडकं फेकून त्याने शर्टाच्या बाहीने लेकराचं तोंड पुसलं आणि फोन जवळ नेला. ओठ निळे पडले होते.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुकान उघडं टाकून तो मायलेकरांना गाडीवर घेऊन गेला. मी स्टुलावर तसाच बसून राहिलो. ते लेकरू सगळ्यांत जवळून मी पाहिलं होतं.