वर काढलेली होडी

सुकत्या बोंबलांचा वास आला की नवापूरचं आमचं अंगण आठवतं. बोईसरच्या डॉक्टरांनी त्या दिवशी बाबांची केमो थांबवली आणि मला इंग्रजीत हळूच सांगितलं, हा पॉज नाही, स्टॉप आहे. घरी आल्यावर दोरीवर बोंबील टांगता टांगता बाबांनी विचारलं, "काय बोलला गो डॉक्टर? पावसापुरती होडी किनाऱ्यावर वर काढतो तशी थांबवलीय, का मोडीत काढली?" मी नुसती बोंबील त्यांच्या हातात देत राहिले. ते जरा हसले. "एवढी इंग्रजी शिकवली, एक शब्द सांगता येत नाय?" संध्याकाळी त्यांनी काकाला बोलावून आपलं जाळं देऊन टाकलं. आता ऑफिसात कुणी सहज म्हणतं, पॉज करूया, तेव्हा काकाच्या खांद्यावरून अंगणाबाहेर जाणारं ते जाळं दिसतं.