गेवराईचे नऊ ग्लोव्हज

आईशप्पथ, अक्षर न् अक्षर खरं सांगतो. म्हंजे, अक्षरं थोडी इकडं-तिकडं व्हतील, पण खाज खरी हाय.

आमच्या गेवराईत बेसबॉलच्या दोन टीमा. हसू नका! पोलीस भरतीला खेळाचं सर्टिफिकेट चालतं, आन् क्रिकेटमदी लई गर्दी. एक टीम आमची, स्टँडाची. दुसरी बाजारतळाची. फरक काय? त्यांच्याकडं सराव, आमच्याकडं डोकं. तेबी माझ्या एकट्याचं.

जिंकंल ती टीम बीडला जिल्ह्याला खेळणार. टॉस जिंकून आमी बॅटिंग घेतली. ग्लोव्हज फिल्डिंगवाल्यांना लागतेत, म्हंजे बाजारतळाला. मी गपचूप ग्लोव्हजच्या गोणीपाशी गेलो, हाताला पिशवी बांधली, आन् एकेका ग्लोव्हमदी खाजकुयरी भुरभुरली. कॅचरच्या ग्लोव्हात डबल! त्यांचा कॅचर शकील लई भारी खेळतो ना!

"कावून हसायलास बे?" आमचा कॅप्टन बाळू.

"बघच तू."

शकील उकिडवा बसला आन् लागला खाजवायला. कान, मांडी, काख! पण कॅचर पिचरला, म्हंजे बॉल टाकणाऱ्याला, खुणा करतो, हे मी इसरलो. त्यांच्या पिचरला वाटलं, भाईनं नव्या खुणा काढल्या! कान खाजवला की वर टाकायचा, मांडी खाजवली की खाली. आमच्या एकाला तरी बॉल दिसला असंल तर शप्पथ! तीन जण आऊट, आमची पाळी खलास.

बाळू म्हणला, "घाला रे ग्लोव्हज."

"कुणाचे?"

"कुणाचे म्हंजे? गावात हायेतच नऊ! दोन्ही टीमांत मिळून!"

मला म्हाईत नव्हतं का? ती गोणी सकाळी मीच गाडीवर आणलेली! पण खाजकुयरीच्या नादात इसरलो!

आन् आमचा कॅचर कोण? मीच की.

शकीलनं ग्लोव्ह दिला. "संभाल के भाई. अंदर कुछ हाय."

बोलावं तर मार, घालावं तर खाज. घातला. दोन मिनिटात मी कान, मांडी, काख, पाठ, समदं एकदमच!

पिचिंगला बाळू. बॉल हातात धरून वरडला, "आबे, एका टायमाला एकच खूण कर की!"

मला ऱ्हावलं न्हाई. "खूण न्हाई रे, खाजकुयरी हाय! मीच टाकली! पाणी आणा!"

हारलो. बाळूनं मला तिथंच टीममधून काढलं.

बरं, इथं तरी थांबावं ना? बीडला निघायच्या आदल्या दिवशी बाजारतळाचा एक जण दारात. "शकीलभाई पूछरे, वो खुजली और हाय क्या? बीड में भी वोइच इशारे करने हाय."

दिली! डबा भरून!

ते बीडला बी जिंकले.

चहाचं तेवढं तुमी द्या. खिशात हात घालायला डॉक्टरनं मनाई केलीय.