सगळ्या स्क्रीनवर सुजय

सोमवार, बँक उघडायच्या आधी. मुलुंड शाखा. हजर: मी, म्हणजे हेड ऑफिसची सिस्टिम अ‍ॅडमिन, व्हेंडरचा इंजिनिअर फैजल, पासबुक काउंटरचे पाटील. शेजारच्या काउंटरच्या कांबळे मॅडम अजून यायच्या होत्या.

प्रत्येक स्क्रीनवर एकच मुलगा हसत होता. निळा टी-शर्ट, खांद्यावर बॅट, मागे सोसायटीचं गेट. बँकेचा लोगो गायब.

"अहो, बोरिवलीत तोच, अंधेरीत तोच, घाटकोपरलाही तोच!" आमचे आयटी हेड सावंत साहेब फोनवर ओरडत होते. "हॅक झालोय का आपण?"

"नाही सर. हॅकर स्वतःचा फोटो लावून जात नाहीत."

"मग कोण आहे हा?"

उत्तर पाटलांनीच मागून दिलं. "सुजय! आमच्या कांबळे मॅडमचा मुलगा. पुण्याला इंजिनिअरिंगला असतो. घरबसल्या फेमस झाला ना पोरगा!"

हे कसं झालं, ते सांगते. आमच्या काउंटरवर पूर्ण कॉम्प्युटर नसतात. थिन क्लायंट असतात, म्हणजे छोटा डबा. खरं काम सर्व्हरवर चालतं. डब्याच्या डिस्कला राइट फिल्टर लावलेला असतो. दिवसभर तुम्ही डब्यावर काहीही करा, ते तात्पुरत्या मेमरीत राहतं. बंद करून चालू केला की डबा पहिल्यासारखा. व्हायरस टिकत नाही, कुणी टाकलेला गेमही टिकत नाही.

फोटोही टिकत नाही. कांबळे मॅडम रोज सकाळी सर्व्हरवरचं आपलं फोल्डर उघडून मुलाचा फोटो स्क्रीनवर लावायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा लोगो. पुन्हा फोटो. मी एकदा विचारलं होतं, "कशाला रोजचा खटाटोप?" त्या म्हणाल्या, "लागतो कितीसा वेळ?"

अपडेट टाकायचे असतात तेव्हा मात्र फिल्टर बंद करावा लागतो. एका डब्यावर अपडेट टाकायचे, फिल्टर पुन्हा चालू करायचा आणि त्या डिस्कची नक्कल सगळ्या शाखांना पाठवायची. या नकलेला मास्टर इमेज म्हणतात. शनिवारी फैजलने त्यासाठी निवडला कांबळे मॅडमचा डबा. फिल्टर बंद केला, अपडेट लावले आणि चहाला गेला. तेवढ्यात मॅडम आल्या, बसल्या आणि रोजच्यासारखा फोटो लावला. या वेळी तो डिस्कवर गेला. फैजलने संध्याकाळी फिल्टर चालू केला, नक्कल काढली, पाठवून दिली.

"मॅडम, कसम से, मी स्क्रीन बघितलीच नाही," फैजल म्हणाला. "सगळं कमांडने केलं."

"जुनी इमेज परत पाठवायला घे. रडू नंतर."

तेवढ्यात शाखेचा फोन वाजला. पाटलांनी स्पीकरवर घेतला. बोरिवलीचे हेड कॅशियर रेगे बोलत होते.

"पाटील, हा फोटो हेड ऑफिसने लावलाय का रे? श्रद्धांजली म्हणून?"

"श्रद्धांजली काय, येडा झालास? पुण्यात शिकतोय तो!"

मग रेगे म्हणाले, "अरे, सुजय गेला. बाई इथं होत्या तेव्हाच. डेंग्यूने. आम्ही सगळे गेलो होतो रे. त्यानंतरच तर त्यांनी मुलुंडला बदली मागून घेतली."

पाटलांनी फोन ठेवला. फैजलने कीबोर्डवरून हात काढला. "तू काम कर," मी म्हटलं.

कांबळे मॅडम आल्या. एक स्क्रीन पाहिली, मग दुसरी, तिसरी. पाटील रोज बसल्या जागेवरून ओरडायचे, "काय म्हणतोय आमचा इंजिनिअर?" आज ते उठून उभे राहिले आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "बोरिवलीहून फोन आला होता का?"

पाटलांनी मान खाली घातली.

मी मॅडमना आत, लॉकर रूमच्या बाहेरच्या बाकावर नेलं. पाणी दिलं. तांत्रिक चूक, इमेज, फिल्टर, सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"बोरिवलीत सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते," त्या म्हणाल्या. "हसणारे मला बघून गप्प व्हायचे. वाईट नव्हते हो कुणी. पण घरी तेच, ऑफिसात तेच. इथं पहिल्या दिवशी पाटलांनी विचारलं, मुलगा काय करतो? तोंडातून निघून गेलं, पुण्याला असतो. मग ते रोज विचारायचे. सबमिशन झालं का? मेसचं जेवण कसंय? मी सांगायचे. दिवसभर इथं तो होता, मॅडम."

"बदलीचं बोलू का साहेबांशी?" मी विचारलं.

"कुठल्या शाखेत?" त्या म्हणाल्या. "सगळीकडे पोचवलात ना त्याला."

रागाने नाही म्हणाल्या. उठल्या, तोंड धुतलं आणि काउंटरवर जाऊन बसल्या. बँक उघडायची वेळ झाली होती.

दुपारपर्यंत सगळ्या शाखांत लोगो परत आला. साहेबांना रिपोर्ट हवा होता. मी लिहिलं: चुकीचा वॉलपेपर नकलेत गेला, दुरुस्त केला. धडा म्हणून आमच्या चेकलिस्टमध्ये दोन ओळी वाढल्या. फिल्टर बंद असलेल्या डब्यासमोर कुणाला बसू द्यायचं नाही. नक्कल काढण्याआधी स्क्रीन डोळ्यांनी बघायची. यापुढे असा घोटाळा होणार नाही. जो झाला, त्यावर चेकलिस्ट नाही.

पाटील आता कांबळे मॅडमशी हळू आवाजात बोलतात.

एकच डबा राहिलाय. फैजल त्यांच्या डब्याकडे वळला तेव्हा कांबळे मॅडम म्हणाल्या, "माझा नंतर करा." त्या डब्यात फोटो डिस्कवर आहे आणि फिल्टर चालू. त्यांनी लोगो लावला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सुजयच येणार. तो कायमचा काढायचा तर मला जाऊन फिल्टर बंद करावा लागेल. दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "आज गर्दी आहे हो."

गर्दी नव्हती. साहेब दर आढाव्याला विचारतात, मुलुंडचा तो एक डबा अजून का बाकी? मी म्हणते, करते सर.