दुसरी सीडी

अण्णा गेल्याचं वहिनीने फोनवर सांगितलं, तेव्हा रडण्याआधी मी विचारलं, शेवटी काही बोलला का? वहिनी म्हणाली, "नर्सला विचारत हुता, सलाईनचा थेंब मोजून कसा पडतोय म्हणून." मला रडता रडता हसू आलं. माझा थोरला भाऊ चौकशी अर्धवट टाकून जाईल, हे काही पटण्यासारखं नव्हतं... या गोष्टीला आता महिना होत आला.

वारणानगरच्या बाजूला गुरांच्या दवाखान्यात अण्णाने उभी हयात कंपाउंडर म्हणून काढली. मारकी म्हैससुद्धा त्याच्या हाताखाली मुकाट उभी राही. त्याची स्वतःची नात मात्र त्याला बघून पळायची. दोन हजार तीन सालची ती दिवाळी. त्याचा मुलगा अमेरिकेहून आला होता, सगळे कोल्हापूरला माझ्या घरी जमले होते आणि सहा वर्षांच्या इराला अण्णा पहिल्यांदाच भेटत होता. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा, त्यात मिशा. "ये की गं हिकडं," म्हणत तो दोन्ही हात पसरून सरळ तिच्या अंगावर जाई आणि ती माझ्या पदराआड लपे. त्यांना परतायला पाच दिवस उरले, तेव्हा अण्णा मला म्हणाला, "पोरगी मला न बोलताच जाणार हाय बघ." त्याला इतकं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

ऑक्टोबर संपत आला होता. तिकडे या दिवसांत मुलं भुतांचे कपडे घालून घरोघर गोळ्या मागत फिरतात. ते हुकणार म्हणून इरा मुसमुसत होती. मी कोल्हापुरातल्या आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून एका इंग्रजी कार्टूनच्या दोन सीड्या भाड्याने आणल्या. पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या एका पोराची गोष्ट होती. दुपारी जेवणं आटोपून बसलो. इरा चटईवर, अण्णा मागे खुर्चीत.

लांडगा झालेलं ते पोर गोठ्याच्या कोपऱ्यात थरथरत होतं आणि गावकरी मशाली घेऊन त्याच्यावर चालून येत होते. अण्णाला राहवेना. "आरं, समोरनं जाऊ नगासा. बुजलंय ते. बाजूनं जावा, खाली बसा, त्याच्याकडं बघू नगा."

इराने मान वळवली. त्या दिवसांत तिने त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "मग तुम्ही माझ्याकडे समोरून का येता?"

मला वाटलं, अण्णा चिडला. तो खुर्चीतून उठला, चटईच्या दुसऱ्या टोकाला तिच्याकडे पाठ करून बसला आणि जरा वेळाने टीव्हीलाच विचारावं तसं हळू विचारलं, "लांडगा झाल्यावर त्याची कापडं कुठं जात्यात?" इरा म्हणाली, "फाटतात." "मग दर पुनवंला नवी शिवायची? आई काय म्हणती त्याची?" इरा विचारात पडली. मग एकेका प्रश्नाबरोबर ती थोडी थोडी सरकत गेली. पहिली सीडी संपली, तेव्हा ती त्याच्या दंडाला टेकून झोपली होती. मी दुसरी लावायला उठले, तर त्याने नुसत्या डोळ्यांनी मला बसवलं. दोन तास तो तसाच बसून राहिला. संध्याकाळी सीड्या परत द्यायच्या होत्या, त्या गेल्या.

तेव्हापासून दर रविवारी अमेरिकेचा फोन आला की अण्णाचा ठरलेला प्रश्न असे, "त्या पोराचं फुडं काय झालं?" आणि इरा सांगे. कधी ते पोर शाळेत जाई, कधी गावाची राखण करी, एकदा तर गुरांचा डॉक्टर झालं. मी चिडवायची, एका सिनेमाला इतके शेवट असतात होय? "लई मोठा सिनेमा हाय त्यो," अण्णा म्हणायचा.

परवा रविवारी इराचा फोन मला आला. आता ती अकरा-बारा वर्षांची आहे. "आत्याआजी, आजोबांनी ती दुसरी सीडी नंतर कधी पाहिली का?"

"नाही गं. तू पाहिलीस ना?"

"नाही... इथे मिळत होती. पण पाहिली असती तर एकच शेवट सांगता आला असता."

मीच विचारलं, "मग आता पुढं काय झालं त्या पोराचं?"

आणि ती सांगायला लागली.